नऊ माणसांचं वजन

बिरप्पा मेटकऱ्यानं आजारी बायकोला मिरजेच्या दवाखान्यात नेताना जीपमध्ये नऊ सीटं कोंबली आणि जाता जाता भाडं कमावलं, अशी बातमी सोलापुरात आमच्या भागात बरेच दिवस फिरत होती. पलीकडच्या गल्लीत तर ती वाढत वाढत बारा सीटं आणि टपावर दोन बकरी इथवर गेली. एरवी अशी चविष्ट बातमी हाती आली असती तर मी तिला तिखटमीठ लावूनच पुढं पाठवली असती. गल्लीत माझा तसा लौकिक आहे. पण ही बातमी खोटी आहे. नऊ माणसं होती, एवढंच खरं. भाडं कुणी दिलं नाही आणि त्यानं मागितलं नाही. त्या नवांतला एक मी होतो. आम्हाला बिरप्पानं वजनाला घेतलं होतं.

वजनाला म्हणजे काय, हे कळायला जीपच्या पाट्यांपासून सुरुवात करावी लागेल.

बिरप्पा मूळचा सांगोल्याकडचा धनगर. भाऊ अजून मेंढरांमागं फिरतात. हा एकटा लष्करात ड्रायव्हर म्हणून गेला आणि तेरा वर्षांनी मिशा, पेन्शन आणि चहात तीन चमचे साखर घालायची सवय घेऊन परत आला. आमच्या भिंतीला भिंत लागून दोन खोल्या घेतल्या. मग लष्कराच्याच लिलावातून एक जुनी जीप आणली. जीप अशी की तिच्यापेक्षा तिची कागदं धडधाकट. त्यानं तिला मागं लांब बॉडी जोडून घेतली, दोन्ही बाजूंना बाकं टाकली आणि मंगळवेढा-सांगोल्याच्या वाटेवर सीटं न्यायला लागला.

बिरप्पा दिवसाला वीस शब्द बोलायचा, त्यातले बारा जीपशी. राहिलेलं सगळं त्याची बायको बनाबाई बोलायची. मी ओट्यावर बसून कुणाची टवाळी सुरू केली की भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा, "आप्पा भावजी, आदी आपलं पोट आत घ्या, मग दुसऱ्याचं भाईर काडा." माझ्या तोडीचं तोंड गल्लीत तिचं एकटीचंच. मूलबाळ नव्हतं. त्यावर गल्लीनं तीन-चार वर्षं चर्चा केली आणि मग कंटाळून सोडून दिली, कारण बनाबाई उत्तरं फार द्यायची.

बहात्तरच्या दुष्काळात कामावरच्या माणसांनी डोंगरभर खडी फोडली आणि रस्त्यांवर अंथरली. पुढं पाऊस आला, माणसं आपापल्या रानात गेली, खडी तशीच राहिली. डांबर काही आलं नाही. त्या उघड्या खडीवर बारा-बारा माणसं घेऊन पळून बिरप्पाच्या जीपचे पाटे बसले. पाटे म्हणजे चाकांच्या वर असलेले पोलादी पानांचे जुडगे. गाडीचा सगळा भार त्यांच्यावर. चांगला पाटा धनुष्यासारखा कमानदार असतो. याचे सपाट होऊन उलटे वाकायला लागले होते. माणसं चढली की जीप गाभण म्हशीसारखी मागं बसायची.

अक्कलकोटकडचा बसलिंगप्पा मिस्त्री पाट्यांची कामं करायचा. त्याचा उपाय साधा होता. "ट्रकच्या भंगारातली दोन पानं घालतो. संध्याकाळला गाडी घेऊन जा."

"भंगार न्हाय," बिरप्पा म्हणाला. "कंपनीचंच पायजे. ह्याच जीपला कंपनी जड पाटे काडती. तोफ वडणाऱ्या जीपला बसवलेले म्या सोता बगितल्यात. शॉकप बी तसलेच, जाड."

"अरे बिरप्पा, ते तोफंला. तू काय तोफ नेतो? बाया नेतो, कोंबड्या नेतो. जड पाटा माल असला की मऊ, रिकामा गेला की दगड. बेडा!" बेडा म्हणजे नको. बसलिंगप्पाला राग आला की तो कानडीत नको म्हणायचा, म्हणजे समोरच्याला जास्त लागतं असा त्याचा समज.

"रिकामं कोन फिरतंय?" बिरप्पा म्हणाला. त्या दिवसाचे शब्द संपले.

तीन महिन्यांनी पुण्याहून रेल्वेनं पाटे आले, धक्के गिळणारे शॉकप आले, तेलकट कागदात गुंडाळलेले. एका रविवारी ते बसवले तेव्हा गल्ली जमली, कारण रविवारी आम्हाला दुसरं काही नसतं. जीप वीतभर उंच झाली. आमच्या गल्लीतली सगळ्यात वजनदार बाई म्हणजे गोजरबाई; तिनं एक पाय वर टाकून पाहिला, खाली घेतला आणि म्हणाली, "बिरप्पा, शिडी लाव की रं! का म्या जलमभर हितंच हुबी ऱ्हाऊ?" बनाबाई मात्र एका खोक्यावरून टुणकन पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि वरून माझ्याकडं बघून म्हणाली, "आप्पा भावजी, हितनं तुमचं टक्कल लई झ्याक दिसतंय की." लोक हसले. मीही हसलो. टक्कल तेव्हा नुकतंच पडायला लागलं होतं.

जुने पाटे बसलिंगप्पानं नेले आणि तापवून, ठोकून त्यांचे कोयते आणि कुऱ्हाडी केल्या. पाट्याच्या पोलादाला धार फार चांगली येते. एक कोयता मीही आणला.

नव्या पाट्यांचं मिस्त्री म्हणाला तसंच निघालं. बारा माणसं भरली की जीप खडीवरून अशी जायची की मांडीवरचं पोर जागं होत नसे. लोक मुद्दाम तिच्यासाठी थांबायला लागले. पण रिकामी असली की एकेक दगड मणक्यातून डोक्यात जायचा. म्हणून बिरप्पा रिकामा फिरतच नसे. सीटं भरेपर्यंत नाक्यावर बसून राहायचा.

पंचाहत्तर साली पावसाळा सरता सरता बनाबाईची पाठ दुखायला लागली. पाणी वाहून दुखते, असं ती म्हणायची. आमची बायको सोनाबाई तिला विटेचा शेक द्यायची. दोन महिने शेकच चालला. तेवढ्यात बिरप्पाच्या भावाकडं देवाचं कार्य निघालं. जाताना जीप भरून गेली. येताना पाहुणे तिकडंच राहिले आणि अमावस्या होती म्हणून वाटेत कुणी सीट मिळालं नाही. खडीच्या रस्त्यानं हे दोघंच आले. वाटेत ती एकदा "हळू घ्या" म्हणाली. त्यानं हळू घेतली. गाडी हळू झाली. पाटे कसे मऊ होणार?

दुसऱ्या दिवशी तिला अंथरुणातून उठता येईना.

डॉक्टरांनी फोटो काढला. मणक्याचा क्षय. हा रोग मुळात महिने न् महिने आत असतो, जीपचा त्यात संबंध नाही, असं त्यांनी बिरप्पाला दोनदा सांगितलं. त्यानं विचारलं होतं म्हणून. एक मणका आतून पोखरून खडूसारखा झाला होता. पाय अजून हलत होते, फक्त मुंग्या येत होत्या. ऑपरेशन मिरजेला व्हायचं. डॉक्टर म्हणाले, "पाय आहेत तोवर न्या. पण वाटेत जोराचा धक्का बसला तर पाय जातील. मग ऑपरेशन करून उपयोग नाही." काखेपासून कमरेपर्यंत प्लॅस्टर घातलं आणि फळीवर निजवून घरी पाठवलं.

सोलापूर ते मिरज सव्वाशे मैल. आगगाडीनं जायचं तर कुर्डुवाडीला उतरवायचं, फळीसकट पूल चढवायचा, आणि पुढं ती छोटी गाडी, जी सरळ रुळांवरसुद्धा सुपासारखी पाखडत जाते. दवाखान्याची मोटार इतक्या लांब जायला मिळेना. राहिली जीप, आणि जीपला तोफेचे पाटे.

बिरप्पा बसलिंगप्पाकडं गेला. मी बरोबर होतो. "जुनं पाटं परत घाल," तो म्हणाला.

बसलिंगप्पानं भट्टीशेजारच्या ढिगाकडं हात केला. तिथं कोयते होते.

"मग ह्यातली पानं काड."

"चारच पानं आहेत, बिरप्पा, जाड. एक काढलं तर लांब बॉडीच्या भारानं वाटेत मोडतं. मोडलं तर काय करशील? मी नाही काढणार." मग आवाज खाली घेऊन म्हणाला, "वजन भर. दुसरं काय नाही. वजन भर, म्हणजे मऊ."

बिरप्पानं आधी वाळूची पोती भरून पाहिली. पोत्यांनी सगळी जागा खाल्ली, फळीला जागा उरेना. त्यानंतर त्याच्या डोक्यात जे आलं ते धनगराच्याच डोक्यात यावं. रानात मेंढीचं हाड मोडलं तर चार जण घोंगड्याचे काठ धरून तिला मधोमध लोंबती नेतात; दगडात पाय पडला तरी धक्का हातांत जिरतो. बाकांवर समोरासमोर माणसं बसवायची, मांड्यांवर आडवं घोंगडं ताणायचं, काठ मुठीत धरायचे, घोंगड्यावर फळी आणि फळीवर बनाबाई. जीपला वजनही मिळेल आणि बनाबाईला मांड्याही.

किती माणसं लागतील हे त्यानं अंदाजानं ठरवलं नाही. फळीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला आणि गल्लीतली माणसं चढवून नाक्यापुढच्या खडीवर जीप फिरवली. चार माणसांत तांब्या कलंडला. सहा माणसांत अर्धा सांडला. आठांत चार बोटं. मग तो माझ्या दारात आला.

"आप्पा, तू किती भरतोस?"

"मिलच्या काट्यावर दोन मण दहा शेर," मी म्हणालो. "पण उपाशी पोटी."

"जेवून ये," तो म्हणाला. हसला नाही.

मला धरून नऊ जण झाले आणि तांब्यातलं पाणी फक्त डचमळलं. त्यानं ते पाणी किती तरी वेळ बघितलं. गोजरबाई म्हणाली, "जलमभर मला जाडी म्हनून हसलासा. आता लागली का न्हाय गरज?" आणि पदर डोळ्याला लावला. त्या दिवशी गल्लीत सगळ्यांना एकदम आपापल्या वजनाचा अभिमान वाटायला लागला होता. एक सडपातळ पोरगा पुढं आला, तर सगळे नको म्हणाले, हाडंच आहेत त्याला. बसलिंगप्पा न बोलावता आला. "पाटे मी बसवले, मीच बसतो वर," म्हणाला.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी निघालो. बिरप्पा ताशी पंधरा मैलांच्या वर गेला नाही. खडी दिसली की बैलगाडीच्या चालीनं. बाकांवर नऊ जण मुठी आवळून बसलो होतो, मांड्यांवर बनाबाई, छताकडं तोंड करून. पहिल्या तासात हात बधिर झाले. पण पाटे दबून बसले होते, शॉकप धक्का गिळत होते. खड्डा आला की जीप वाकायची आणि हळूच वर यायची, एवढंच.

"बना, लागतंय का गं?" बिरप्पा मागं न बघता विचारायचा.

"न्हाय. पन आप्पा भावजींचं गुडगं टोचतंय. एवड्या मांसात हाड कुटं सापडलं यास्नी?"

सगळे हसले की फळी हलायची, मग आम्ही एकमेकांना हसू नका म्हणून दटावायचो. मंगळवेढ्याच्या पुढं तिनं पायाची बोटं हलवून दाखवली. गोजरबाई ती मोजल्यासारखी बघत होती, दर मैलाला. "हालतंय," ती पुढं ओरडून सांगायची. आणि बिरप्पाची मान एवढीशी हलायची. सांगोला ओलांडलं. मला वाटतं त्या वेळी आम्हा सगळ्यांना खरंच वाटलं होतं की पोहोचलो.

सांगोल्याच्या पुढं एका ओढ्यावरची फरशी पावसाळ्यात वाहून गेली होती. वळणाचा रस्ता ओढ्याच्या वाळूतून जायचा आणि पलीकडं दगडांच्या चढावर निघायचा. मधोमध जीप रुतली. बिरप्पानं चारी चाकांना जोर देणारा दांडा टाकला. आमच्या वजनानं ती आणखी खाली गेली. मागची चाकं वाळू उडवायला लागली.

आता, आपल्याकडं गाडी रुतली की माणूस काय करतो? उतरतो. कुणी सांगावं लागत नाही. एसटी असो, बैलगाडी असो, वऱ्हाडाचा ट्रक असो; बसून राहिला त्याला लोक नावं ठेवतात. इतकी ही गोष्ट अंगात मुरलेली. मी पहिला उतरलो. मीच. बनाबाईची फळी बाकांवर नीट टेकवली, घोंगडं खाली खोचलं, आणि "उतरा रे, ढकला!" म्हणून ओरडलो. नऊच्या नऊ उतरलो. गोजरबाईसुद्धा लुगडं खोचून मागं लागली. सकाळपासून नुसतं बसून अवघडलो होतो. काहीतरी करायला मिळालं याचा आनंदच झाला असावा.

"मार, बिरप्पा!" मी ओरडलो. त्यानं मारली.

नऊ माणसांचं वजन उतरलेली जीप वाळूतून उडी मारल्यासारखी सुटली आणि त्याच वेगात दगडांच्या चढावर गेली. चढ दहा-बारा हातांचा होता. मागचं चाक एका धोंड्यावर चढलं आणि पलीकडं पडलं. आम्ही मागून जे बघितलं ते मला सांगता येत नाही. फळी वर उचलली गेलेली दिसली, मग खाली आपटलेली ऐकू आली. ती ओरडली नाही. "अगं बाई" म्हणाली, ताट सांडल्यावर म्हणतात तसं.

बिरप्पानं जीप थांबवली. उतरून मागं आला. आम्ही वाळूत उभे होतो, हातांना वाळू. तो आमच्याकडं बघत नव्हता. त्यानं तिच्या पायाला हात लावला.

"हालीव की, बना."

"हालवतीया की," ती म्हणाली.

पाय हलत नव्हते.

आम्ही परत चढलो, घोंगडं ताणलं, काठ मुठीत धरले. पुढचे साठ मैल जीप तितकीच हळू गेली. दर मैलाला मी गोजरबाईकडं बघायचो आणि गोजरबाई बाहेर बघायची.  माझ्या गुडघ्यांना बनाबाईनं परत नाव ठेवलं नाही.

मिरजेला ऑपरेशन झालं. पाय आले नाहीत. तिथले डॉक्टर म्हणाले, मणक्यातली मज्जा चेपली आहे; त्या धक्क्यानं चेपली की आधीच चेपत आली होती हे सांगता येणार नाही. दोन महिन्यांनी तिला आगगाडीनं परत आणलं, त्या छोट्या गाडीतून, कुर्डुवाडीचा पूल चढून-उतरून. आता धक्का बसला तरी जायला काही उरलं नव्हतं.

ती चौदा महिने अंथरुणावर होती. बिरप्पानं तिचं सगळं केलं. पाठीच्या जखमा धुण्यापासून वेणी घालण्यापर्यंत. वेणी त्याला शेवटपर्यंत जमली नाही. मी रोज जाऊन गल्लीतल्या बातम्या सांगायचो, नसलेल्याही सांगायचो. सुरुवातीला ती उत्तरं द्यायची. मग "व्हय" म्हणायची. मग तेही नाही. एकदा मी मुद्दाम पोट पुढं काढून, मिशीवर पीठ लावून तिच्यासमोर उभा राहिलो. ती बघत राहिली, जणू भिंतीकडं बघतेय. मी घरी येऊन मिशी धुतली आणि सोनाबाईनं विचारलं तर सांगितलं, डोळ्यात साबण गेला.

फाल्गुनात ती गेली. भिंतीपलीकडून आता काही ऐकू येत नाही. मी ओट्यावर बसतो, कुणाची टवाळी करतो, लोक हसतात, आणि मधेच मी थांबतो. तिच्या उत्तराला जागा ठेवायची सवय लागलेली.

बिरप्पा जीप चालवतो. न चालवून करणार काय? लोक अजूनही तिच्यासाठी थांबतात, भरलेली असली की काय सुंदर जाते म्हणतात. त्याचे वीस शब्द आता पाच झालेत. त्याला समजावायला सगळे येऊन गेले. बसलिंगप्पा म्हणाला, पाटे माझ्या हातानं बसले, पाप माझं. गोजरबाई म्हणाली, नशीब. तो सगळ्यांना चहा द्यायचा.

गेल्या आठवड्यात मी गेलो. तो दारात बसून शॉकपची रबरं पुसत होता. इतक्या वर्षांत जे बोललो नव्हतो ते बोललो. म्हणालो, "बिरप्पा, पहिला मी उतरलो. ढकला म्हणून मी ओरडलो, मार म्हणून मीच ओरडलो. तू एकट्यानं काय डोक्यावर घेऊन बसलास? नऊ जण होतो आम्ही. नऊ जणांत वाटून घेऊ."

तो रबर पुसत राहिला. ते पुसून झाल्यावर म्हणाला, "वाटून काय घेतुयास? तुमी ढकलायला उतरलासा, तुमास्नी गाडी दिसत हुती. ती मागं निजली हाय ह्ये तुमी इसरलासा तर चालतंय. म्या कसा इसरलो, त्येवडं सांग."